जागचं हलू नका

मनीषनगर, नागपूर
१४ सप्टेंबर

प्रिय मिनलताई,

सप्रेम जयभीम. सातवा महिना लागला ना? पायावरची सूज उतरली का? भाऊजींनाही जयभीम सांग. फोन असताना पत्र कसलं, म्हणून हसू नकोस. शेजारचा अनंत चंद्रपूरला निघालाय, त्याच्या हाती देते आहे.

आई पारशिवनीहून माझ्याकडे आली आहे. माझी नवी खोली पाहायला, असं तिने तुला सांगितलं असेल.

रविवारी आम्ही विहारात मुलांना जुने मूकपट दाखवतो. शंभर वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना, त्या लोकांनी काचेवर डोंगर रंगवून खरे भासवले. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून भुतं आणली. मला त्यांच्या डोक्याचं फार अप्रूप वाटतं. या वेळी माणूस गायब करायची युक्ती आम्हीच करून पाहिली. कॅमेरा थांबवायचा, एकाने निघून जायचं, बाकीच्यांनी होतं तसंच उभं राहायचं, की कॅमेरा पुन्हा सुरू. गायब व्हायला आईच पुढे झाली.

"जागचं हलू नका रे!" मी ओरडले. सगळे अगदी शहाण्यासारखे उभे राहिले.

मग पडद्यावर पाहिलं. आई मुलांमध्ये हसत होती, आणि पुढच्या क्षणी तिथे नुसती भिंत. टाळ्या पडल्या. आई म्हणाली, "पाह्य वं, मी गेली तं कोणाले पताच नाही लागला!"



ताई, तिच्या छातीत गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईची तपासणी लगेच करा. ती ऐकत नाही. "मिनलचं बाळंतपण होऊ दे पहिले. तिले फोन नको करू, तुले माही शपथ आहे." पत्राचं ती काही बोलली नाही.

मी बी.ए. झाल्यापासून घरात सगळे मला विचारून करतात. आई मात्र म्हणते, "तू लहान आहे वं, तुले काय समजते." तुझं ऐकेल. प्रवास करू नकोस, फक्त फोन करून तिला चांगली रागाव. तुला अशा दिवसांत हे सांगायची भीती वाटते. न सांगण्याची त्याहून जास्त वाटते. ती युक्ती बाकीचे हलत नाहीत म्हणूनच तर जमते.

आत्ता ती माझ्या मोबाइलवर तेच पुन्हा पुन्हा पाहून हसते आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसले आहे.

जागची हललेली,
तुझी रितिका