डाव्या डोळ्याचे थेंब

बाबा, काल बुलढाण्याला जाऊन डोळ्यांना लेझर मारून आले. काचबिंदू निघाला, तुमचाच. शेत-वावर सगळं भावांना दिलं आणि हा तेवढा मला ठेवला, वा रे वा! डॉक्टरीणबाईंनी हनुवटी टेकवायला लावली, डोळा बधिर करून त्यावर भिंग ठेवलं, आणि मग नुसता टिक टिक हिरवा उजेड. फारसं दुखलं नाही. डोळ्यातलं पाणी झिरपायची वाट तुंबते, दाब वाढतो, त्यानं नस मरत जाते. लेझरनं ती वाट जराशी मोकळी होते, असं त्यांनी समजावलं. "गेलेली नजर परत येत नाही ताई, राहिलेली सांभाळायची. वर हे थेंब आहेत, दोन्ही डोळ्यांत टाकायचे, चुकवू नका," म्हणाल्या.

मला आपलं देऊळघाटचं सैपाकघर आठवत होतं. तुम्ही पाटावर बसलेले, आई भाकरी थापतेय. समोर बघत बघतच तुम्ही म्हणता, "आधी तिले वाढ ना. कवाची बसून राह्यली."

आईचा हात परातीतच थांबतो. "कोनाले वाढू?"

"हे काय, डाव्या अंगाले. हिरव्या लुगड्याची."

भाऊ वावरात, घरात आपण तिघंच. मी चुलीकडे सरकते.

ती कोण, हे आईला कोणी सांगावं लागलं नाही. तुमची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, आणि दुसरेपणावर आलेल्या आईनं मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक, तिच्या शांतीसाठी घालतात तो, गळ्यात घातलाच नव्हता. लगेच सोनाराकडून चांदीचा टाक करून आणला. रोज पहिलं पान तिचं. तुम्ही डावीकडच्या चौकटीवर आपटायला लागलात, तर आई म्हणे, "तीच लोटून राह्यली तुमाले. राग गेला नाई तिचा." मग लुगडं-चोळी झाली, उतारे झाले. डोळ्याचा दवाखाना मात्र कोणालाच सुचला नाही, कप्पाळ आमचं! पुढे उजवीकडूनही अंधार आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता इकडं बी आली," आणि हसलात. तसं हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. आई त्या दिवशी जेवली नाही.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भूतबित काही नाही. जिथली नजर मरते, तिथं मेंदू आपल्या मनानं माणसं बसवतो. तुम्हाला दिसतं का काही?"

"छे हो!" मी म्हटलं.

खोटं बोलले, बाबा. दिवाळीपासून माझ्या डाव्या अंगाला कोणीतरी उभं असतं. चहा गाळताना, कपडे वाळत घालताना, भरदुपारीसुद्धा. पांढरा सदरा, बाही कोपराच्या वर दुमडलेली, घडी आत घातलेली, तुम्ही घालायचे तशी. वळलं की कोणी नाही. फार भीती वाटते हो. आणि आंधळं व्हायचीही वाटते; पोरगी सासरी, हे गेलेले, मी एकटीनं गॅस कसा पेटवायचा, पोळी कशी भाजायची?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? राहील इथंच, तांदळाच्या डब्याखाली. एक मात्र सांगते, पोरीलाही नाही सांगितलं. थेंब मी उजव्याच डोळ्यात टाकलेत. मला तुम्ही खांद्यापर्यंतच दिसता, त्याच्या वर माझ्या डाव्या डोळ्याची नजर अजून शाबूत आहे. ती तेवढी गेली की तुमचं तोंड दिसेल.