दोन युद्धबंदी

सोमवार, ४ मार्च, सकाळी ९.४०
अकादमीच्या ऑफिसात परराष्ट्र परिषदेची यादी टाईप करताना चूक पकडली. 'युद्धबंदी' हा चर्चेचा गट दोनदा आला होता. एक काढून टाकला. ही परिषद सगळी कॅडेटच चालवतात. गट, खोल्या, पाहुणे, चहासुद्धा. पोरंच ती, चुका व्हायच्याच. मी आहे म्हणून बरं.
सेक्रेटरी तिसऱ्या वर्षाची कॅडेट आहे. तिने न वाचताच सही केली. म्हणाली, दादा, तुम्ही टाईप केलंय म्हणजे बघायला नको. समारोपाचं भाषण तिचं. आईवडिलांसाठी दोन पास नेले.

बुधवार, ६ मार्च
बाहेरगावचे बारा विद्यार्थी व्हरांड्यात उभे. ना खोली, ना खुर्च्या. एक युद्धबंदी म्हणजे लढाई थांबवणं. दुसरा म्हणजे पकडलेला सैनिक. मी काढला तो दुसरा.
शेवटी त्यांना जिममध्ये गाद्यांवर बसवलं. एक जण म्हणाला, कैद्यांच्या मानाने सोय बरी आहे. सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.
मेजरसाहेबांनी विचारलं, यादी कोणाची? ती म्हणाली, सही माझी आहे, सर. मी तेव्हा स्टेपलरमध्ये पिना भरत होतो. भरलेल्याच होत्या.
उद्या साडेआठला सांगणार. नक्की.

गुरुवार, ७ मार्च
साडेआठला साहेब फोनवर. नऊला मूड खराब. अकराला चांगला, तो कशाला बिघडवा? लेखीच द्यावं.
घरी ताई म्हणाली, तू गुपचूप जेवतोयस म्हणजे काहीतरी करून आलायस. म्हटलं, कामाचा ताण. म्हणाली, कोणाच्या कामाचा?

शुक्रवार, ८ मार्च
अर्जाचा चौथा मसुदा उत्तम जमला. 'दिलगिरी' कोशात बघून घेतली. अर्जात चूक 'झाली' आहे. कोणी 'केली' नाही.
दुपारी नोटीस लागली. तिचं पद काढून घेतलं. भाषण दुसरा कॅडेट करणार.

शनिवार, ९ मार्च, दुपारी
समारोप. ती दाराशी पाण्याचे ग्लास भरत होती. साहेबांना द्यायचा राहिलेला अर्ज तिच्या हातात दिला. उभ्याउभ्या वाचला. म्हणाली, मला बुधवारीच कळलं होतं. यादी कोणी बदलली ते कॉम्प्युटर दाखवतो. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुमची वाट बघत होते, दादा.
अर्ज परत दिला. म्हणाली, शुद्धलेखन छान आहे.
आत तिसऱ्या रांगेत तिची आई. मला थांबवून विचारलं, आमच्या मुलीचं भाषण कितव्या नंबरवर आहे हो?
मी घड्याळ बघितलं. म्हटलं, कार्यक्रम जरा उशिरा चालू आहे.