पंप मला ओळखतो

मनीषनगर, नागपूर
रविवार

चि. नत्थू यास रुपरावचे आशीर्वाद. (द्यायची इच्छा नव्हती, पण थोरल्या भावाने पत्र दुसऱ्या कशाने सुरू करावं, हे सुचलं नाही.) तुझी तब्येत बरी असेल. साक्षगंधाच्या पंगतीतून मी उपाशी उठलो तेव्हाही बरीच होती. तू दुसऱ्यांदा जिलेबी वाढून घेत होतास.

तुझ्या लेकीचं, मीनलचं लग्न ठरलं, त्या साक्षगंधात नव्या व्याह्यांना मानाची दुपट्टा-टोपी मिळाली आणि सख्ख्या भावाला विसरलात, हे मी आता उकरून काढत नाही. चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल लिहितो आहे. माझा नंबर दिसला की तू मोबाईल पालथा घालतोस (तुझ्या बायकोनेच तुझ्या वहिनीला सांगितलं). आणि नंबर ओळखायची ही विद्या तुमच्या पारशिवनीच्या शेतात आणली कोणी? जन्मभर टेलिफोन खात्यात घासलेल्या या माणसाने! तुझ्या विहिरीवरच्या पंपाला सिमकार्डाचा डबा मी बसवला, त्यातल्या मोडेमला AT+CLIP=1 ही आज्ञा मी दिली. ती दिली नाही तर त्याला नुसती रिंग कळते, कोणाची ते कळत नाही. यादीत दोनच नंबर टाकले, तुझा आणि माझा. आपल्यापैकी कोणाचा फोन आला की तो फोन कापतो आणि पंप सुरू करतो. तुमच्या अख्ख्या घरादारात मला ओळख देणारा आता तो एकटाच उरला आहे.

गेल्या सोमवारी मी घरातल्या जुन्या मोडेममध्ये माझं सिमकार्ड घातलं, इअरफोन जोडला, AT+CLIR=1 ही नंबर लपवायची आज्ञा दिली आणि तुला फोन लावला. लगेच उचललास! “बोला जी, कोण बोलून राहिले?” इतकं गोड तू माझ्याशी तीस वर्षांत बोलला नाहीस. मग म्हणालास, “कोण पाह्यजे जी तुमाले?” तूच पाहिजे होतास, गाढवा. पण नाव सांगितलं की कापशील, म्हणून इअरफोन कानात दाबून ऐकत राहिलो. तू ठेवून दिलास.

तेव्हा यापुढे तुला फोन करणार नाही, हे पक्कं समज.

तुझा (नाइलाजाने) भाऊ,
रुपराव

ता. क. रोज सकाळी सहाला पंप आपोआप सुरू होतो आणि मिरचीत चिखल होतो, म्हणून तू मेकॅनिक ओमप्रकाशला शिव्या घातल्यास असं कळलं. त्याची माफी माग. पंपाला फोन मी करत होतो. कोणी तरी ओळखावं, एवढंच मनात असायचं.

आणखी ता. क. यादीतून माझा नंबर काढायची आज्ञा मी मुद्दामच लिहीत नाही.

शेवटचं. पुढच्या रविवारी सहाला पंपाला नाही, तुला फोन करीन. नंबर न लपवता. पंप दुसऱ्या रिंगला ओळखतो. तू शेवटच्या रिंगला उचललास तरी चालेल.