लाल तेल आणि मधला चार

ईटन रॅपिड्स, मिशिगन
८ जुलै १९९८

तीर्थरूप लोरेटाताईस,

धाकट्या वेंडेलचा नमस्कार. हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. तुझ्या गुडघ्याला ते सोसायचं नाही, आणि मजकूरही बसूनच वाचण्यासारखा आहे. ॲरिझोनाचं ऊन तुम्हां दोघांना मानवतंय ना? भावोजींना कानाचं यंत्र बसलं का? बसलं असेल तर हे त्यांच्यादेखत मोठ्यानं वाचू नकोस. नसेल बसलं तर खुशाल वाच. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुझी भावजय कॅरल क्षेम आहे आणि मी घराबाहेर पडत नाही.

ईस्टरला तू फोनवर सांगितलं होतंस की सप्टेंबरात कामगार दिनाच्या सुट्टीला येशील, आणि माझ्या शेडमधली तुझी एकोणसत्तरची ओल्ड्समोबिल चार-चार-दोन तुला वाटेत न उकळता तळ्यापर्यंत घेऊन गेली तर ती माझ्या नावावर करशील. नाही तर टूसॉनचा तो दातांचा डॉक्टर घ्यायला टपलेलाच आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात रेडिएटरशिवाय दुसरं काही नाही. जुना रेडिएटर तुला आठवतच असेल. त्याची जाळी आता बिस्किटासारखी बोटानं चुरते. नवा निवडायचा म्हणजे लोक समजतात तसं नसतं, ताई. मी (मला कुणी शिकवलेलं नाही, जे आलं ते ग्रंथालयातली पुस्तकं आणि कारखान्याची दुरुस्तीची पोथी यांतून आलं) वसंतभर त्याचा अभ्यास केला. ॲल्युमिनियमचा हलका, पण एकोणसत्तरच्या तोंडात तो कवळीसारखा चकाकतो. तांब्या-पितळेचाच हवा. नळ्यांच्या तीन रांगा की चार? चार घेतल्या तर जाडी वाढते आणि पंख्याची पाती जाळीला हुंगायला लागतात. मी फूटपट्टीनं मोजलं, मग पुठ्ठ्याचा रेडिएटर कापून जागेवर बसवून पाहिला. कॅरल म्हणाली, पुठ्ठ्याचाच राहू दे, दिसायला बरा आहे. तीन रांगांचा नक्की केला. इथपर्यंत माझं एक अक्षर चुकलं नव्हतं, हे लक्षात ठेव, कारण यापुढे सगळंच चुकलं आहे.

आता हार्लन. हा आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष. शनिवारी सकाळी आम्ही सगळे पॅनकेक खायला जमतो तेव्हा बोलायचं काम त्याच्याकडे असतं. एका शनिवारी त्यानं सिरपची बाटली हातात घेऊन निर्वाळा दिला की चार-चार-दोन या नावातला मधला चार म्हणजे चार गिअर, तेव्हा ऑटोमॅटिक चार-चार-दोन म्हणजे निव्वळ धुलाई यंत्र. बटण दाबायचं आणि मासिक वाचत बसायचं. ताई, हे चूक आहे. चौसष्ट साली तो चार गिअरचा होता, मान्य. पण पासष्टपासून पहिला चार चारशे घनइंची इंजिनाचा आणि मधला चार कार्ब्युरेटरच्या चार तोंडांचा झाला, आणि तेव्हापासून ऑटोमॅटिक गाडीसुद्धा त्या नावाची पुरती धनी आहे. मला हे पाठ आहे. एरवी कुणी बोल्टाचा आकार चुकीचा सांगितला तर मी शेजारच्या टेबलावरून उठून येतो. त्या दिवशी मात्र मी पॅनकेक खात राहिलो. माझी (म्हणजे तुझी) गाडी इतकी वर्षं माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली, आतून कुणी पाहिलेली नाही, आणि सगळे हसत होते.

पुढच्याच आठवड्यात मी गसच्या दुकानी रेडिएटर मागवायला गेलो. गसला तू ओळखतेस, गॅरेजच्या सुट्या भागांचं दुकान, चष्मा कपाळावर. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. साल कोणतं, इंजिन कोणतं, एसी आहे का, आणि शेवटी, ऑटोमॅटिक की गिअरची? नेमका हार्लन शेजारी उभा राहून प्लग निवडत होता. मी म्हणालो, "गिअरची."

एवढंच. एक शब्द. हे म्हणताना मला तू डोळ्यांसमोर दिसलीस, हेही लिहून टाकतो. ओल्ड्समोबिलच्या कारखान्यात तू सीटांची कव्हरं शिवायचीस, आणि स्वतःच्या पगारातून ही गाडी मागवताना सेल्समननं नाक मुरडलं तेव्हा त्याला म्हणाली होतीस की दिवसभर पायांनी मशीन दाबते, घरी जाताना तरी डाव्या पायाला सुट्टी पाहिजे. सबंध गावात इतकं सरळ कारण देऊन कुणी गाडी घेतलेली नाही. आणि मी ते प्लगांच्या खोक्यासमोर गिळलं.

रेडिएटर आला. देखणा होता. पण ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं तेल दोन बारीक नळ्यांतून रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत थंड व्हायला येतं, आणि गिअरच्या गाडीच्या रेडिएटरला ती दोन तोंडंच नसतात. माझ्या हातात दोन नळ्या, आणि घालायला भोक नाही. परत करायला जावं तर गस विचारणार का, आणि हार्लन तिथे असणारच. म्हणून मी पलीकडच्या गावात जाऊन कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांसाठी मिळतो तो तेलाचा छोटा वेगळा कूलर आणला आणि रबरी नळ्यांनी जोडला. (उपाय वाईट नाही, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन.) फक्त लोखंडी नळीच्या टोकाला जो उठाव द्यायचा असतो, रबरी नळी निसटू नये म्हणून, तो घाईत दिला नाही. क्लबात हा उठाव द्यायला सगळ्यांना शिकवणारा मीच.

शिवाय ऑटोमॅटिकच्या दांड्यावर चार गिअरचा नकाशा कोरलेली मूठ बसवली. कॅरलनं ती पाहिली आणि तिच्यावर फडकं टाकलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत आमच्या गाडीत मानाच्या पाहुण्या म्हणून मिस प्रूइट बसल्या होत्या. त्याच, आपल्या शाळेच्या बाई. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, पण पाठ अजून खडूसारखी ताठ. छप्पर उघडं, मागच्या सीटच्या पाठीवर त्या, हातात झेंडा. माझ्या मागे हार्लनची गाडी, त्याच्यामागे शाळेचा बँड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसलेले लोक म्हणजे अर्धे ओल्ड्समोबिलमधून निवृत्त झालेले. त्यांना कानानं गिअर मोजता येतात. म्हणून मी ठरवलं की निदान खांदे तरी गिअरच्या गाडीचे दिसावेत. थोडं गेलं की दांडा हलवल्यासारखं करायचं आणि डावा पाय क्लचवर दाबायचा. क्लच नाही, हे माझ्या ध्यानात होतं. पण तिथे ऑटोमॅटिकचा ब्रेक किती रुंद असतो, ते पायाच्या ध्यानात नव्हतं.

पहिल्या 'गिअर'ला मिस प्रूइट माझ्या मानेवर आल्या. दुसऱ्याला झेंडा माझ्या कानात गेला. तिसऱ्याला त्या शांतपणे म्हणाल्या, "वेंडेल, उत्तर येत नसलं की तू सातवीतही असेच पाय हलवायचास."

बँकेसमोर गाडीनं पुढे जायचं नाकारलं. इंजिन गरजतंय आणि चाकं ढिम्म. हिसक्यांनी ती बिनउठावाची नळी निसटली होती, आणि मागे वळून पाहतो तर चर्चपासून बँकेपर्यंत भर रस्त्यात चमकती लाल रेघ. तुला सांगायला नको. गिअरच्या गाडीच्या बॉक्समधलं तेल तपकिरी असतं आणि वास मारतं. लाल तेल सांडतं ते ऑटोमॅटिकचं. आपल्या गावात हे शाळेच्याही आधी कळतं. खुर्च्यांवरचे सगळे म्हातारे उठून उभे राहिले; आधी मला वाटलं झेंड्याला मान देतायत.

हार्लन उतरला, वाकला, रेघेत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "वेंडेल, हे लाल आहे."

आणि ताई, त्या वेळी मी जे बोललो त्यासाठी हे सगळं पत्र आहे. मी म्हणालो, "मला काय ठाऊक? ताईनं गिअरची म्हणून सांगितलं होतं."

सगळ्यांसमोर. मिस प्रूइटसमोर. तुझ्या नावावर खपवलं.

हार्लननं माझ्या पायांशी डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "गाडीत क्लचचं पेडल नाही, हेही ताईनंच सांगायला पाहिजे होतं का?"

बँड आम्हांला वळसा घालून वाजवत निघून गेला. मिस प्रूइटना अग्निशमन दलाच्या बंबावर बसवलं आणि तिथून त्या जास्त आनंदानं झेंडा हलवत होत्या. क्लबवाल्यांनी गाडी ढकलत घरी आणली. वाटेत हार्लननं एकदा विचारलं की मासिक आणून देऊ का.

गिअरबॉक्स वाचला आहे, तेवढं मी तपासलं. मी वाचलो की नाही ते तू ठरव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
वेंडेल

ता. क. १ : पत्र वाचून तुला वाटेल की वेंडेल सुधारला, आपणहून कबुली दिली. तसं नाही. हार्लननं कॅरलकडून तुझा पत्ता घेतला आहे. त्याचं अक्षर मोठं आहे आणि टपालपेटी त्याच्या दारातच आहे, म्हणून मी घाई केली.

ता. क. २ : आता खरं काम. गस तो रेडिएटर बदलून द्यायला तयार आहे, आतून-बाहेरून कोरा आहे म्हणून (पाणी घालण्याआधीच मी तो उतरवून ठेवला, कारण चुकीचा रेडिएटर वापरायची माझी हिंमत झाली नाही; मिरवणूक जुन्यावरच काढली, फक्त तेलाच्या नळ्या त्या छोट्या कूलरलाच राहू दिल्या). पण गाडी ऑटोमॅटिक आहे हे तो माझ्या तोंडून ऐकायला तयार नाही. म्हणतो, तू आधी एक सांगितलंस, आता दुसरं सांगतोस, मालकाला विचारीन. तेव्हा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या आत त्याला एक फोन कर आणि तेवढा शब्द सांग. दुकानाचा नंबर पाठीमागे लिहिला आहे.

ता. क. ३ : गाडी कुणाच्या नावावर, असं तो विचारेल. तुझं सांग. काल त्या काउंटरवर, हार्लन उभा असताना, मीही तेच सांगून आलो आहे. सप्टेंबरात गाडी माझ्या नावावर करायचे कागद आणलेस तर ठीक, नाही आणलेस तरी तळ्यापर्यंत गाडी तूच चालव.