बांगड्यावालीचा चेहरा

अप्पा, मी अजून पेपरातच आहे, पण आता मला कुणी वाचायला काही देत नाही. लातूरच्या आमच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्यांचं टेबल होतं, ते काढून टाकलं आणि मला संगणकासमोर बसवलं. जुने लेख त्यात घालायचे आणि मिनिटभराचे व्हिडिओ काढायचे, हे माझं काम. तुम्हाला पटणार नाही, पण लेख घातला की ते एआय त्यातली चार-दोन वाक्यं आपणच उचलतं, चित्रंही आपणच तयार करतं आणि वरून एका बाईच्या गोड आवाजात वाचून दाखवतं. त्या बाईने आपलं देगलूर कधी पाहिलेलं नाही, हे पहिल्याच वाक्याला कळतं. आमचे संपादक माझ्या लेकाच्या वयाचे. माणूस चांगला आहे. म्हणतात, "मॅडम, लोकांना वाचायला वेळ नाही, बघायला आहे." मी मान डोलावते. आणि खोटं कशाला बोलू, काम मला जमतं.

तुम्ही देगलूरला ह्याच पेपरची एजन्सी चालवायचात आणि मजकूरही लिहायचात. लिहिलेलं पाकिटात घालून नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, अशी तेव्हाची रीत. पण तुमची एक खोड होती, जिच्यापायी आई वैतागायची. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते वाचून दाखवल्याशिवाय तुम्ही पाकीट चिकटवत नव्हतात. त्या नादात एसटी निघून जायची आणि बातमी शिळी व्हायची. बांगड्यावालीवरचा लेख झाला तेव्हा तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून तिच्या घरी नेलंत. ती डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव हिंडायची. तेलुगू बायकांशी तेलुगूत बोलायची, कानडी बायकांशी कानडीत, आणि भाव पाडून मागणारीशी तिन्ही भाषांत भांडायची. तुम्ही उंबऱ्याशी उकिडवे बसून वाचताय, ती चूल फुंकत ऐकतेय. तिच्या तोंडभर देवीचे वण आहेत, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्या वाक्यापाशी येऊन अडखळताय. खाली मान घालून म्हणता, "हे नको असलं तर काढतो."

ती फुंकणी बाजूला ठेवते. "कामून काढता, पेपरवाले भाऊ? हायेत तर हायेत. ते काढलं तर लोकाला कसं कळंल, ही मीच हाय म्हून?"

मग मला जवळ ओढून तिने माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि तुम्ही कितीही म्हणालात तरी पैसे घेतले नाहीत. परत येताना मी विचारलं, ती छापू नका म्हणाली असती तर? तुम्ही चिडलात. "मग छापायचं न्हाई," म्हणालात, "तोंड तिचं हाय, आपलं न्हाई." आणि जोरजोरात पायडल मारायला लागलात. मला वाटलं, एवढं रागावण्यासारखं मी काय विचारलं?

गेल्या उन्हाळ्यात तोच लेख माझ्यापुढे आला. मी तो सॉफ्टवेअरमध्ये घातला आणि पडद्यावर एक गोरीपान बाई उभी राहिली. तुळतुळीत गाल, नाकात नथ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. वणांचं वाक्य गळलं होतं. मला ते दिसलं, अप्पा. पण ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता वाचून दाखवायचं कुणाला? मी व्हिडिओ पुढे पाठवला. तो पुष्कळ लोकांनी पाहिला, संपादकांनी सगळ्यांना पेढे दिले.

आणि मग चाकूरहून तिची लेक आली. साठीच्या पुढची बाई, लुगड्याच्या पदरात मोबाइल गुंडाळलेला. नातवाने तिला व्हिडिओ दाखवला होता, त्यात आईचं नाव ऐकून तिने लातूरची एसटी धरली. ही आता भांडणार म्हणून मी आधीच चहा मागवला. ती म्हणाली, "बाई, मायचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं. तुमच्याकडं हाय म्हनं. एक काढून द्या, भिंतीला लावते."

मी सांगितलं, "मावशी, हा फोटो खरा नाही. मशीनने केलाय."

"हाव की. फोटो मशीनीतच निघतो."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी तुमचा लेख काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवला. वणांचं वाक्य आलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "व्हते गं माय, व्हते. लहानपनी मी बोटं घालून बघायची त्यात." मलाही रडू आलं. वाटलं, उशिरा का होईना, तुमच्या पद्धतीने वागले. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, "बसा मावशी, तुम्ही सांगाल तसं करून देते."

ती माझ्या शेजारी खुर्चीत बसते. नथ काढ म्हणते, मी काढते. रंग सावळा कर, नाक जरा फताडं, वण घाल. दर वेळी एक नवीन बाई उमटते आणि दर वेळी ती म्हणते, "जवळ आलं, पन ही न्हाई." कधी डोळे चुकतात, कधी हनुवटी. सुरुवातीला ती झटकन सांगत होती, मग विचार करून सांगायला लागली. दुपार कलली. एका चित्रापाशी तिने पडद्याजवळ तोंड नेलं, मग डोळे मिटून घेतले. मी विचारलं, "ही का?"

"आता मला सांगता यीना," ती म्हणाली. "येताना एसटीत डोळे मिटले की माय दिसत व्हती. आता डोळे मिटले की ह्या समद्या बाया दिसून राहिल्या."

तिने एकही फोटो नेला नाही. मी तिला स्टँडपर्यंत पोचवलं. खिडकीतून तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एक वाकडा शब्द बोलली नाही. तो व्हिडिओ मी काढून टाकला, पण तिच्या डोळ्यांपुढचं मला काढता येत नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून शेवटचं सांगून टाकते. मागच्या दिवाळीत मी तुमचा भिंतीवरचा फोटोही त्या एआयमध्ये घालून त्याचा व्हिडिओ केला होता. तुम्ही मान वळवलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. तुमचा पुढचा दात तुटलेला होता आणि हसताना तुम्ही ओठ मिटून घ्यायचात, एवढं मला अजून सांगता येतं, अप्पा. दिसत मात्र नाही. डोळे मिटले की तुम्ही सगळे दात दाखवून हसता.