छज्ज्यातली सळई

तीर्थरूप मामांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल. माझीही उत्तम आहे. डावा पाय तेवढा प्लास्टरमध्ये आहे, पण ते पुढे येईलच. तुमची लेक सुखरूप पोचली असेल. ती अशी अचानक का आली हे तिने सांगितलं नसेल, तर आधी माझी बाजू ऐकावी. सांगितलं असेल, तर निदान नंतर तरी ऐकावी.

आमच्या दारावर छज्जा नव्हता. पावसात कुलूप उघडेपर्यंत माणूस चिंब. शेवटी गवंडी बोलावला आणि रजा काढून मी स्वतः देखरेखीला उभा राहिलो. (मी शाळेत इतिहास शिकवतो. तटबंदी हा माझा खास विषय.) त्याने सळया पार वरच्या अंगाला बांधलेल्या. मला ते पटेना. ओझं उचलायचं तर माणूस खालून हात देतो, वरून नाही. मी त्या खाली घ्यायला लावल्या. गवंडी म्हणाला, बाईंना एकदा विचारू. आता तुमची लेक अठरा वर्षं प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली दाबून फोडते, हे खरं. पण दारात उभा असलेला मी काय बुजगावणं होतो?

संध्याकाळी ती आली तोवर काँक्रीट ओतून झालं होतं. तिने शांतपणे समजावलं. काँक्रीट दाबलं तर हत्तीचं ओझं सोसतं, ताणलं तर बिस्किटासारखं तुटतं. भिंतीतून बाहेर आलेला छज्जा पुढे झुकू बघतो, तेव्हा त्याचा वरचा भाग ताणला जातो. तो ताण घ्यायला लोखंड वरच हवं. ओलं आहे तोवर पाडून टाकू, म्हणाली. मी पाडलं नाही. उलट गोणपाट टाकून एकवीस दिवस इमानेइतबारे पाणी मारलं. (एवढी सेवा मी कुणाचीच केली नसेल.)

टेकू काढले. छज्जा राहिला. चार दिवसांनी भिंतीलगत वर केसाएवढी चीर दिसली, ती मी पुट्टी भरून बुजवली, वर रंग दिला आणि तिला दाखवायला मुद्दाम खाली जाऊन उभा राहिलो. छज्ज्याची पुढची कड झुकलेली तिने पाहिली मात्र, माझा दंड धरून असं ओढलं की मी पायरीवर पालथा. पाऊल तेवढं मागे राहिलं. त्यावर छज्जा आला.

इस्पितळात ती एवढंच बोलली, "ठोकळासुद्धा फुटण्याआधी कुरकुरतो. मी तीन आठवडे कुरकुरत होते." आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

सर्वांस यथायोग्य सांगावे.

तुमचा,
मोठा जावई

ता. क. हे पत्र तिला दाखवू नये.

ता. क. दाखवावं. चूक गवंड्याची नव्हती, माझी होती, हे वाक्य जरा मोठ्याने वाचावं.

ता. क. गवंड्याने तिला फोन केला होता. नव्या छज्ज्यासाठी ती परत यायला तयार आहे. अट एकच, काम चालू असताना मी घरात दिसता कामा नये. तेव्हा मला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? काँक्रीट पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात म्हणते. जावयाला किती लागतील, ते तिने तुमच्यावर सोपवलं आहे.