वीस मिनिटांनी विझणारी शेकोटी

ट्रली, आयर्लंड, मंगळवार

श्री. रविंद्रराव यांना मोरेश्वरचा वाकून नमस्कार (साष्टांग घातला तर उठवायला माणूस लागतो, आणि चि. यशोधन कारखान्यात गेलाय).

तुमचा गुडघा काय म्हणतो? सरितावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असं कळलं. कळलं ते यशोधनकडून, आणि त्याला कळलं सुमित्रेकडून. तुमची धाकटी बहीण सध्या मला फोनवर दोनच प्रश्न विचारते, जेवलात का आणि शेकोटी पेटली का. शेकोटी पाच आठवडे धड चालली नाही, म्हणून ती ॲडम्सटाउनला पूर्वाकडे जाऊन राहिली आहे. आई लेकीकडे गेली यात वावगं काय, असं मी इथल्या लोकांना सांगतो. तुम्हाला खरं ते सांगतो. निघताना तिने बजावलं की शेकोटी चालू झाल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही. बेचाळीस वर्षांत ती रुसून मिरजेला तुमच्याकडेसुद्धा कधी आली नाही, आणि आता या वयात गाडी बदलून पार डब्लिनच्या वेशीपर्यंत गेली. घर खायला उठलंय, हे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मधेमधे लिहावं लागणार नाही.

आता शेकोटी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुमच्या डोळ्यांसमोर गवऱ्या आणि पाचोळा यायचा. यशोधनने घेतलेलं हे घर जुनं आहे. बैठकीच्या खोलीत धुराडं आहे आणि त्याखाली गॅसवर चालणारी शेकोटी. तिच्यात चिनीमातीची खोटी लाकडं ठेवलेली असतात. त्यांच्यामधून खऱ्या ज्वाळा येतात आणि लाकडं जन्मात जळत नाहीत (आमच्या पाटबंधारे खात्यातले निम्मे साहेब असेच होते). घरात रेडिएटरही आहेत, पण बैठकीतला रेडिएटर सोफ्याच्या मागे असल्यामुळे फक्त सोफा गरम होतो. त्यामुळे सुमित्रेचा सगळा संसार शेकोटीपुढे. तिथेच स्तोत्रं, तिथेच गुडघ्याला तेल आणि तिथेच दह्याचं विरजण. शेकोटीच्या कडेला डबा ठेवला की सहा तासांत कवडीदार दही. बाहेर केरी जिल्ह्याचा पाऊस आडवा आला तरी आत दही उभं, असं ती व्हिडिओ कॉलवर अख्ख्या मिरजेला दाखवायची.

नवरात्र बसलं आणि या शेकोटीने असहकार पुकारला. पेटवायची, वीस मिनिटं बरी चालायची आणि मग आपण होऊन विझायची. पुन्हा पेटवली की पुन्हा वीस मिनिटं. मी घड्याळ लावून नोंदी ठेवल्या. सुमित्रेचं स्तोत्र रोज त्याच श्लोकाला गार पडायचं. दही तर सोडाच, दूधसुद्धा नासेना. यशोधनला सांगितलं तर तो म्हणाला, ग्रँड आहे बाबा, बघू वीकेंडला. (इथे सगळंच ग्रँड असतं. माणूस जिन्यावरून पडला तरी उठून ग्रँड म्हणतो.) असे चार वीकेंड गेले आणि दिवाळी आटोपल्यावर तुमची बहीणही गेली.

तेव्हा मी ठरवलं की नवी शेकोटी आणायची आणि ती मीच निवडायची. छत्तीस वर्षं धरणांचे नकाशे काढलेल्या माणसाला एक शेकोटी निवडता येऊ नये? गावाबाहेर एक शोरूम आहे. तिथे अकरा शेकोट्या ओळीने पेटवून ठेवलेल्या असतात. काहींना पुढे काच, काही उघड्या, आणि एकीत लाकडांऐवजी पांढरे गोटे (रांगोळीचे दगड असतात ना, तस्से). तिथल्या बाईंना विचारलं, चांगली कुठली, तर त्या म्हणाल्या सगळ्या लव्हली आहेत. आता यावर माणसाने निर्णय कसा घ्यायचा? मग मी माझी पद्धत वापरली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट दुधात विरजण घालून स्टीलचे तीन डबे घेऊन गेलो, तीन शेकोट्यांपुढे एकेक ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. बाई आल्या. मी त्यांना दही समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा आणून दिला. या देशात वेड्यालासुद्धा आधी चहा देतात, मग पुढचं.

सहा तास बसलो, रविंद्रराव. दुपारी दशमी खाल्ली. एवढा वेळ बसलेला माणूस दुकानचाच असणार असं वाटून गिऱ्हाइकं मला विचारू लागली. मी काय गप्प बसणार? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला काचेच्या आणि उघड्या शेकोटीतला फरक कागदावर छेद काढून दाखवला, तर तो ती विकतच घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत माझ्या हातून दोन शेकोट्या खपल्या. बाईंनी शनिवारी पुन्हा याल का म्हणून विचारलं. मी होही म्हणालो होतो, पण यशोधनने डोक्याला हात लावला. असो. डबे उघडले तर पहिल्यात दूध, दुसऱ्यात ताक आणि तिसऱ्यात सुरी फिरवावी असं दही. तीच शेकोटी ठरली. बाईंनीही चमचाभर चाखलं. लव्हली म्हणाल्या.

ती बसवायला सरकारमान्य गॅसवालाच लागतो. आमचा डोनल. हा डोनल मंगळवारी येतो म्हणाला. कुठल्या मंगळवारी, ते विचारायचं राहिलं. दोन मंगळवार मी सकाळपासून कपडे करून बसलो. तिसऱ्या मंगळवारी, म्हणजे मागच्या आठवड्यात, तो उगवला आणि जणू कालच भेटलो होतो अशा थाटात कामाला लागला. माणूस मात्र हाताचा पक्का. जुनी शेकोटी उचकटून गाडीत टाकली, धुराड्यात धूर सोडून तो वर जातो का ते पाहिलं, नवी जोडली, पेटवली. मी सुमित्रेला फोन लावायला चष्मा शोधत होतो. चष्मा सापडला आणि नवी शेकोटी विझली. घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं.

डोनल जमिनीवर बसला आणि विचार करू लागला. मग त्याने विचारलं, खोलीत हवा यायला भिंतीत एक भोक असायला हवं, ते कुठेय? मी म्हणालो, देव्हाऱ्याच्या मागे. तो म्हणाला, दाखवा. आता मला सांगा, नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा ठेवायचा आणि नेमकं देव्हाऱ्याच्या पाठीशी नारळाएवढं भोक, त्यातून अटलांटिक महासागराचा वारा थेट आत. पहिल्याच दिवशी दिवा तीनदा फडफडला आणि सुमित्रा रडवेली झाली. बायकोचा दिवा विझू नये म्हणून नवऱ्याने भोक बुजवलं तर काय बिघडलं? पुढून एक पंचा, दोन मोजे आणि सापडतील त्या चिंध्या अशा ठासून बसवल्या होत्या की धरणाची गळती अशी बुजवली असती तर मला बढती मिळाली असती. दिवा नऊ दिवस हलला नाही. नंतर ते काढायचं मी विसरून गेलो.

देव्हारा मी सरकवला, चिंध्या डोनलने ओढल्या. एकेक बाहेर येताना त्याचा लालबुंद चेहरा पांढरा होत गेला. मग त्याने मला खुर्चीत बसवून हळू आवाजात समजावलं. भोक बुजलं की खोलीतला प्राणवायू संपत जातो, आणि गॅस जळताना असा विषारी वायू सोडतो की त्याला ना वास ना रंग. बसल्या जागी माणूस झोपतो आणि उठत नाही. शेकोटीत एक यंत्र असतं, त्याला हवा कमी पडलेली कळते आणि ते गॅस तोडतं. म्हणजे जुनी शेकोटी बिघडलेली नव्हतीच. महिनाभर मी जिला शिव्या घालत होतो ती रोज वीस मिनिटांनी आमचा जीव वाचवत होती. सुमित्रा तिच्यासमोर बसायची, रविंद्रराव. मी डोनलचा हात धरून बसलो. त्याने चहा केला, माझ्याच स्वयंपाकघरात.

नवी शेकोटी तेव्हापासून छान चालू आहे. देव्हारा समोरच्या भिंतीला गेला, विषारी वायूची घंटाही बसवली. बाकी सगळं क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. आठवडा झाला तरी शेकोटी चालू झाल्याचं सुमित्रेला मी अजून कळवलेलं नाही, त्याला कारण आहे. ‘सापडतील त्या चिंध्या’ असं वर लिहिलंय, त्यातली एक चिंधी नव्हती. ती तुमच्या आईंनी दिलेली विटकरी लोकरी शाल होती. मी घाईत होतो आणि ती हाताशी होती. आता काजळीने काळी झाली आहे. गणपतीत तुमच्याकडे आली असताना शाल मिरजेलाच राहिली, असं सुमित्रा धरून चालली आहे, आणि त्यावरून वहिनींना फोनवर जे ऐकावं लागलं ते सगळं माझ्यामुळे. आईंनी तुम्हा दोघा भावंडांना एकाच वाणाच्या दोन शाली दिल्या होत्या. तुमची तुमच्या कपाटात असेल. विनंती अशी, की ती ‘सापडली’ म्हणून इकडे पाठवावी. पत्र लिहिण्याचं कारण खरं म्हणजे एवढंच. शेकोटीचं आपलं ओघात आलं.

ता. क. २. (बुधवार.) शाल पाठवू नका. आज सुमित्रेचाच फोन आला. डोनलने कामाच्या अहवालाबरोबर भोकाचे आणि चिंध्यांचे फोटो यशोधनला पाठवले होते, आणि आपल्या दिवट्याने ते जसेच्या तसे आईला पाठवले. गेले सहा दिवस तिला सगळं ठाऊक आहे. मी आपण होऊन सांगतो का, याची ती वाट बघत होती. मी पंच्यापासून सुरुवात केली, मोज्यांपर्यंत आलो. मग तीच म्हणाली, दिव्यासाठी केलंत, मला माहितीय. शालीला हात लावू नका, मी येऊन माझ्या हाताने धुते. पुढच्या शुक्रवारच्या गाडीने येतेय. वहिनींची तिने आधीच माफी मागितली आहे म्हणे.

ता. क. ३. शाल मी काल रात्रीच मशीनमध्ये घातली होती, साठ अंशांवर. आत्ता वाळून, आटून हातात आली. देवाच्या पाटावर घालायला पुरेल. तेव्हा (या पत्राचा फोटोच फोनवर धाडतोय) तुमची कुरियरने पाठवाच, रविंद्रराव, शुक्रवारच्या आत.